सिझनला अर्धी मंडळी ऊसतोडीला जाते. उपासनेचं वर्ष कसं बसवावं?

पंचकमिटी_सचिव

सर्वांना जय ख्रिस्त. नगर-बीडच्या सीमेवरची आमची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) ग्रामीण मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, आहे. वहीत ७१ घरं. त्यांतली २६ घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. १४ घरं चाकण-रांजणगावला कंपन्यांच्या कामामुळे तिकडेच राहायला गेली. उरलेल्या ३१ घरांत म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं. जुलैत रविवारच्या उपासनेला १२०-१२५ माणसं असतात, जानेवारीत ४० सुद्धा भरत नाहीत. मे महिन्यात पाळकसाहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण आहेत, काम करायची तयारी आहे.

अडचण अशी की आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), सगळं नेमकं मंडळी गावात नसताना येतं. तोडीवरून परतलेली माणसं दोन-दोन महिने पाहुण्यासारखी मागच्या बाकावर बसतात. शिवाय गाण्यांचा वाद आहे. जुन्या माणसांना ‘उपासना संगीत’ (जुनं गीतपुस्तक) आणि पेटी हवी, पोरांना कीबोर्ड आणि पडद्यावर गाणी. पंचांत एक मत असं की तीन दिवसांची मोठी उज्जीवन सभा घ्यावी म्हणजे मंडळी जागी होईल. दुसरं मत, आहे तसं चालू द्या. नवे साहेब म्हणतात, वर्षाचा आराखडा करू. तो कसा करावा, कुठे चुकतं, हे जाणकारांनी सांगावं.

जुना_पाळक

सचिव दादा, आधी हिशेब नीट मांडा. ७१ घरांच्या वहीवर ४० डोकी बघितली की मंडळी बसली असं वाटतं. पण जानेवारीत गावात घरं ३१च असतात, आणि त्यांतही अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. उपस्थितीच्या वहीत ‘गावातले’ आणि ‘सिझनवरचे’ असे दोन रकाने करा आणि सरासरी गावातल्यांवरच काढा. हे केलं नाही तर दर जानेवारीला पंचांचा धीर सुटतो आणि घाईघाईत भलते निर्णय होतात.

आता तारखा. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला, दिवाळी ८ नोव्हेंबरला. आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबर (१९७० साली याच तारखेला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, तेव्हा यंदा दोन्ही एका दिवशी आहे). राखेचा बुधवार (उपवासकाळाची सुरुवात) १० फेब्रुवारी २०२७, पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २८ मार्च, पन्नासावा दिवस (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) १६ मे. म्हणजे आगमनकाळापासून पुनरुत्थानापर्यंतचा सगळा काळ सिझनमध्ये जातो आणि पन्नासाव्या दिवशी सगळे घरी असतात. नाताळची तारीख हलत नाही, पण बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यानं स्वतः विश्वास जाहीर करणं), कापणीचा सण, घरभेटी ही कामं कुठल्या महिन्यात घ्यायची हे मंडळीच्या हातात आहे. ती जून ते ऑक्टोबरात ओढा. आणि १६ मे हा तुमच्या मंडळीचा वर्षातला सर्वांत मोठा रविवार ठरवा. मे महिना लग्नांचा, म्हणून त्या दिवशी दुपारपर्यंत मंडळीतलं एकही लग्न धरायचं नाही हे डिसेंबरातच जाहीर करा, नाहीतर हॉल आणि मंडप आधीच बुक झालेले असतात.

दृढीकरणाचा वर्ग सर्वांत जास्त इथे फसतो. बऱ्याच ठिकाणी तो नाताळाच्या सुमारास सुरू होतो. मुलगा तीन वर्ग करतो आणि आईबापाबरोबर तोडीला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिला धडा. अशी सतरा-अठरा वर्षांची पोरं सापडतात ज्यांनी पहिले तीन धडे चारदा ऐकलेत आणि प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा) धडा एकदाही नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू करा, सव्वा तासाचे बारा वर्ग, सप्टेंबरअखेर संपवा. दृढीकरण बहुतेक ठिकाणी बिशपसाहेबांच्या हातून होतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख आत्ताच लेखी मागा. उशीर केला की डिसेंबरची तारीख मिळते आणि निम्मे उमेदवार कारखान्यावर असतात.

पाठवणीची उपासना १८ ऑक्टोबरला ठेवा. काही टोळ्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी निघतात, त्यामुळे त्यापुढचा रविवार उपयोगाचा नाही. क्रम साधा: स्तोत्र १२१, पापांगीकार (पापांची कबुली), छोटा संदेश, प्रभुभोजन, मग प्रत्येक कोयता (नवराबायकोची जोडी) वेदीपुढे, नाव घेऊन प्रार्थना. २६ घरांना प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी अर्धा तास लागतो, म्हणून संदेश दहा मिनिटांवर नको. प्रत्येक टोळीचा एक कोयता वेदीपाशी ठेवायचा असेल तर पात्याला जाड फडकं घट्ट गुंडाळा. नुकती धार लावलेली असते आणि लहान मुलं वेदीपाशीच घोटाळतात. परत आल्यावरच्या उपासनेत स्तोत्र १२६ घ्या, अश्रूंनी पेरून आनंदानं कापणाऱ्यांचं.

मंडळीनं बरोबर काय द्यावं? नवा करार जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण कोपीत (तळावरच्या झोपडीत) ओल शिरते. एक कार्ड: पाळकसाहेबांचा आणि सचिवांचा फोन, जाणार त्या भागातल्या जवळच्या मंडळीचा पत्ता. आणि एक कळकळीची विनंती: मेणबत्त्या देऊ नका. आगमनकाळ म्हणून चार मेणबत्त्या द्याव्यात असं वाटतं, पण कोपी उसाच्या पाचटाची असते, भोवताली पाचटच पसरलेलं असतं. ठिणगी पडली की अख्खा तळ जातो. चार्जिंगची टॉर्च द्या.

उचलीविषयीही बोलतो. ऑगस्टपासून मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळायला लागते आणि नेमकी तेव्हाच कमिटीला दशमांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाची) आठवण होते. उचल हे कर्ज आहे, उत्पन्न नाही. त्यावर दशमांश मागणं अन्याय आहे. सिझन संपून हिशोब झाल्यावर हाती काही उरलं तर माणूस स्वतःच आणतो. काही जणांच्या अंगावर उलट बाकी फिरते, त्यांना विचारायचंही नाही.

रविवारशाळा_ताई

पाळकसाहेबांनी बरोबर सांगितलं. मी मागे राहणाऱ्यांचं सांगते.

सिझनमध्ये मंडळी म्हणजे आज्या आणि नातवंडं. मग उपासनाही त्यांच्या सोयीची हवी. नोव्हेंबर ते मार्च वेळ सकाळी साडेआठऐवजी साडेनऊ करा. थंडीत म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरतात आणि मुलांना आवरायला आईही नसते. रविवारशाळा उपासनेच्या आधी न घेता उपासनेनंतर लगेच घ्या, म्हणजे आजीला दोन खेपा पडत नाहीत. शाळा सुटताना शेंगदाणे-गूळ, चिक्की असं काहीतरी पोटात गेलं पाहिजे. काही मुलं हंगामी वसतिगृहात असतात, रविवारी त्यांना आणायला-सोडायला दोन ठरलेली माणसं नेमा आणि वसतिगृहाच्या वहीत त्यांच्या सह्या आधीच करून ठेवा.

या मुलांच्या प्रार्थनेत आईबाप नावानिशी आले पाहिजेत. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावा. ज्या कारखान्यावर ज्याचे आईबाप, तिथे त्याच्याच हातानं टाचणी टोचून घ्या. दर रविवारी दोन टाचण्यांसाठी प्रार्थना. लहान मूल ‘माझी आई इथंय’ म्हणून बोट ठेवतं, आणि त्याचा जीव थोडा शांत होतो. नाताळाच्या नाटकापेक्षा या कामाला जास्त वेळ द्या असं मी म्हणेन. नाटक बसवायचं तर मुख्य पात्रं गावात राहणाऱ्या मुलांनाच द्या. योसेफ नोव्हेंबरात तोडीला गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

घरप्रार्थना बुधवारी संध्याकाळी, पाऊण तासाच्या वर नाही: एक भजन, आठ-दहा वचनांचं वाचन, मोकळ्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना. खाण्याचा नियम कडक ठेवा, फक्त चहा. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी वडे, त्यापुढच्या घरी जेवण, आणि मग ज्याला परवडत नाही तो ‘आमच्याकडे नंतर’ म्हणतो. घरप्रार्थना बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच, भक्ती कमी झाल्यामुळे नव्हे. आणि ज्या घराला कुलूप आहे त्याच्या ओट्यावरही पाळीप्रमाणे प्रार्थना घ्या. चटई टाका, दिवा लावा, दोन मिनिटांचं भजन रेकॉर्ड करून त्या घरच्यांना पाठवा. एप्रिलमध्ये ते परक्यासारखे मागे बसणार नाहीत, कारण वर्षभर त्यांचं घर मंडळीत होतं.

पेटीवाला

गाण्यांबद्दल. हा वाद पेटी की कीबोर्ड असा दिसतो, पण बहुतेक ठिकाणी खरी अडचण पट्टीची (सुराच्या उंचीची) आणि ठेक्याची असते.

पट्टी: गाणारा स्वतःच्या गळ्याचा सा धरतो, बहुधा काळी एक किंवा काळी दोन (पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी). पद तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) गेलं की पुरुष ताणतात, बायका गप्प होतात. मंडळीसाठी सा बघून पट्टी ठरवू नका, पदातला सर्वांत वरचा स्वर बघा. तो पांढरी दोनच्या वर जाऊ नये. म्हणजे पद तार षड्जापर्यंतच जात असेल तर काळी एक किंवा पांढरी दोन चालेल. तार शुद्ध गंधारापर्यंत जात असेल तर काळी पाच. तार पंचमाला जाणारं पद असेल तर पांढरी पाच. पेटीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: पदाचा क्रमांक आणि सा. वाजवणारा बदलला तरी पट्टी बदलणार नाही.

ठेका: कीबोर्डमधली आपोआप वाजणारी लय बंद करा. मंडळी ओळीच्या शेवटी श्वासाला थांबते, मशीन थांबत नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणारे आणि वाजणारं यांत एका मात्रेचं अंतर पडतं, मग पुढचे लोक मशीनबरोबर आणि मागचे एकमेकांबरोबर गातात. कीबोर्ड ठेवा, पण स्वर म्हणूनच. ठेक्याला ढोलकी किंवा तबला, आठ मात्रांचा भजनी, टाळ एकच. चार टाळ झाले की शब्द ऐकू येत नाहीत.

नवं पद महिन्याला एकच. पहिल्या रविवारी उपासनेआधी गायनवृंदानं नुसतं ऐकवायचं. दुसऱ्या रविवारी कडवं वृंदाचं, धृपद मंडळीचं. तिसऱ्या रविवारी सगळं सगळ्यांनी. चौथ्या रविवारी शेवटचं कडवं वाद्यांशिवाय, म्हणजे बसलं की नाही ते लगेच कळतं. पडद्याला विरोध नको, मोतीबिंदू झालेल्यांनाही मोठी अक्षरं हवीच असतात. एका पडद्यावर चार ओळींहून जास्त नको, आणि शेवटच्या ओळीच्या आधीच पुढचं पान आलं पाहिजे.

तरुणांना एवढं जरूर सांगा की ज्यांना आज जुनी गाणी म्हणतात ती एके काळी नवीन होती. मिशनच्या सुरुवातीला इंग्रजी भजनांची भाषांतरं विलायती चालींवर म्हटली जायची, ओवी-अभंग आणि पदं उपासनेत नंतर आली. ती ज्यांनी आणली ते याच मातीतले होते, आणि तेव्हाही कुरकुर झाली असणारच. पोरांनी आज आपल्या भाषेत नवं पद रचलं तर ती परंपरा मोडत नाही.

टोळ्यांसाठी बारा पदं रेकॉर्ड करून मेमरी कार्डात द्या. फडात नेटवर्क नसतं, त्यामुळे यूट्यूबची लिंक देऊन उपयोग नाही. प्रत्येक फाइल पाच एमबीच्या आत ठेवा.

तरुणसंघ_९८

एवढं सगळं करण्यापेक्षा एक मोठा वक्ता बोलवा. तीन रात्री सभा, आजूबाजूची गावंही येतील. लोकांना स्पर्श झाला की बाकीचं आपोआप होतं.

जुना_पाळक

भाऊ, सभेला माझा विरोध नाही. पण उज्जीवन कसं येतं ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या दाखल्यावरून बघू. १९०५ च्या जूनअखेर तिथे जे उज्जीवन घडलं त्याची चर्चा देशाबाहेर झाली. पण त्याच वर्षी जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या बाया-मुली मागितल्या, साधारण ७० जणी पुढे आल्या, आणि जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या आसपास झाल्या होत्या. पाच-सहा महिने रोजची प्रार्थना, मग ती रात्र. आणि नंतर त्या मुली तुकड्या करून खेड्यापाड्यांत सुवार्तेला गेल्या. आपण मधली रात्र तेवढी घेतो, आधीचं आणि नंतरचं गाळतो.

सभा घ्यायचीच तर सप्टेंबरात, कारण सगळे गावात असतात. जुलैपासून पहाटे पाचला सात-आठ माणसांची प्रार्थना सुरू करा. ती माणसं महिनाभर टिकली नाहीत तर सभा पुढच्या वर्षावर टाका. मंडप-स्पीकरवर जाईल तेवढीच रक्कम नंतरच्या घरभेटींसाठी बाजूला काढा. पोलीस परवानगी आधी घ्या, स्पीकर रात्री दहाला बंद, त्यामुळे साडेसहाला सुरुवात. प्रार्थनेला पुढे येणाऱ्याचं नाव आणि घर लिहून घ्या आणि सात दिवसांच्या आत दोघांनी त्या घरी जा. आठव्या दिवशी गेलात तर माणूस ओशाळलेला असतो, विषय काढू देत नाही.

नव्या पाळकसाहेबांनी या वर्षी वेदी-बाक-वेळापत्रक यांत मोठे बदल करू नयेत, हेही सांगतो. पहिल्या चाळीस दिवसांत ७१ पैकी गावात असलेली सगळी घरं पायाखाली घालायची. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदवह्या आधीच्या साहेबांकडून ताब्यात घेताना शेवटची नोंद दोघांनी मिळून वाचायची आणि सही करायची. वहीत नसलेलंही विचारून घ्यावं: कोण आजारी, कोणत्या दोन घरांत बोलणं बंद, कोणाचं दुःख ताजं. बदलीच्या वेळी हेच हरवतं.

पंचकमिटी_सचिव

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. दोन शंका. टोळ्यांना सिझनमध्ये प्रभुभोजन कसं द्यावं? आणि राखेच्या बुधवारी आमच्याकडे राख लावत नाहीत, नवे साहेब लावू म्हणतात, त्यावर म्हातारी माणसं बिचकली आहेत.

कोल्हापूरकडचा_पाळक

टोळ्यांचं मी सांगतो, आमच्याच भागात येतात ते.

पाठवणीच्या आधी मुकादमाकडून कारखान्याचं नाव आणि तळ कुठे पडणार ते लिहून घ्या, आणि त्या भागातल्या पाळकाला पत्र धाडा: किती कोयते, किती मुलं, कोण गरोदर, कोणाचं दृढीकरण झालेलं आहे. प्रभुभोजन अभिषिक्त पाळकालाच चालवता येतं, तेव्हा तुमच्या गावाहून पंचांनी भाकर-द्राक्षरस घेऊन येणं बरोबर नाही. इथला पाळक ते करील, पण पत्र नसेल तर कोणत्या तळावर कोण आहे हे त्याला कसं कळणार?

रविवारी सकाळी जाऊ नका. आठवड्याची सुटी नसते, पहाटे फड सुरू होतो, गाडी भरायला कधी रात्रही होते. संध्याकाळी साडेसात-आठ, जेवणं उरकायच्या वेळी जावं आणि वीस मिनिटांत आटपावं. बाया दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या असतात, त्यांना अर्धा तास बसवणं ही भक्ती नाही. निघण्याआधी मुकादमाला फोन करा, तळ हललेला असतो. प्लॅस्टिकचे छोटे पेले, भाकर झाकणाच्या डब्यात, हात धुवायला पाण्याचा कॅन आपलाच न्या, कारण तळावर पाणी लांबून आणलेलं असतं, ते आपण सांडायचं नाही. शेजारच्या कोप्यांतली इतर धर्मांची माणसं येऊन बसली तर बसू द्या, प्रार्थना मागितली तर करा. जाताना पॅरासिटामॉल, जंतुनाशक मलम, पट्ट्या न्या. उसाच्या पात्यानं हात चिरलेले असतात, आणि पट्ट्यांची गरज पहिल्या पाच मिनिटांतच कळते.

राखेचं. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतून आलेल्या मंडळ्यांना राख परकी वाटते, त्यात त्यांचं चुकत नाही. या वर्षी राख न लावता फक्त पापांगीकाराची उपासना घ्या. पुढच्या वर्षी ज्याला हवी त्यालाच. तेव्हा कृती अशी: झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) शिंदीच्या झावळ्या वर्षभर कोरड्या जागी ठेवायच्या, लोखंडी घमेल्यात उघड्यावर जाळायच्या, राख पूर्ण थंड झाल्यावर मलमलीतून गाळायची. थोड्या राखेत खोबरेल तेलाचे थेंब घालून अंगठ्याला चिकटेल इतकीच ओलसर करायची. पाणी अजिबात घालू नका. पाण्यात राखेचा क्षार उतरतो आणि कपाळाची कातडी भाजते, लहान मुलांची लवकर.

रविवारशाळा_ताई

चाकणच्या १४ घरांचं राहिलं. त्यांना दर रविवारी गावाला या म्हणू नका, ते जमणार नाही, उगाच मनाला लागतं. तिकडच्या जवळच्या मंडळीसाठी शिफारसपत्र द्या आणि तुमच्या वहीत ‘पत्र दिलं’ अशी तारीख घाला. पत्र देणं म्हणजे नाव कापणं, असं म्हाताऱ्यांना वाटतं, तेव्हा ते वाचून दाखवूनच द्या. १६ मेला मात्र त्या सगळ्यांना बोलवा, गाडीची सोय मंडळीनं करावी. त्या दिवशी वाचनं वाटून द्या: एक चाकणच्या पोराला, एक तोडीवरून आलेल्या बाईला, एक गावातल्या आजीला. वाचता येत नसेल तर एप्रिलपासून पाठ करून घ्या, प्रेषितांची कृत्ये २ मधली चार वचनं पुरे आहेत.

पंचकमिटी_सचिव

बिशपसाहेबांना आजच पत्र घालतो, ११ ऑक्टोबर मागतो आहे. नकाशा आणि टाचण्या रविवारी आणतो.